नाव आपले, क्रमांक परका

टेलिफोन जोवर तारेने जोडलेला होता, तोवर ग्राहकाची ओळख पटविण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. खात्याचा माणूस खांबावरून तार थेट घरात आणून सोडी आणि ती तार हाच पत्त्याचा पुरावा ठरे. दूरसंचार साहित्याचा सरकारी कारखाना आणि दूरसंचार प्रशिक्षणाची मोठी संस्था लाभलेल्या जबलपूर शहराला तो काळ चांगलाच परिचित आहे. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले आणि तारेचा हा पुरावा हळूहळू मागे पडला. ग्राहक कोण, हे आता छायाचित्र, ओळखपत्र आणि सही यांवरून ठरू लागले. मात्र जो पुरावा हातातून हाती जाऊ शकतो, त्याची चोरीही होऊ शकते.

ही चोरी दोन प्रकारे होत आली आहे. पहिला प्रकार जुना आहे. भाड्याची खोली, लॉज, कर्जाचा अर्ज अशा अनेक निमित्तांनी आपण ओळखपत्राची झेरॉक्स देतो. तिची आणखी एक प्रत काढून कोणी दुसऱ्याच क्रमांकासाठी ती वापरली, तर मूळ मालकाला त्याचा पत्ताही लागत नसे. १ जानेवारी २०२४ पासून सिमकार्डासाठी कागदी अर्जाची पद्धत बंद झाली. परंतु तत्पूर्वी दिले गेलेले क्रमांक त्यामुळे आपोआप शुद्ध झाले नाहीत. दुसरा प्रकार नवा आहे. बोट ठेवण्याच्या यंत्रावर “ठसा नीट उमटला नाही, पुन्हा ठेवा” असे सांगून विक्रेता ग्राहकाचा अंगठा दुसऱ्यांदा घेतो आणि त्या दुसऱ्या ठशावर दुसरे सिमकार्ड काढतो. यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १८५८ मध्ये बंगालमधील विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या करारपत्रावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. करार केल्याचे त्याने पुढे नाकारू नये, हा त्यामागील हेतू होता. आज त्याच ठशाच्या आधारे न केलेला करार माणसाच्या गळ्यात पडतो आणि तो नाकारण्याची पाळी त्याच्यावर येते.

ब्रिटन वा अमेरिकेसारख्या देशांत अशा फसवणुकीत पुष्कळदा हप्त्यावरचा महागडा फोन उचललेला असतो. थकलेले बिल घरी येते आणि गोष्ट उघडकीस येते. भारतात बहुसंख्य मोबाईल ग्राहक आगाऊ पैसे भरणारे, म्हणजे प्रीपेड आहेत. त्यामुळे बिल येत नाही आणि मागणीपत्रही येत नाही. परका क्रमांक वर्षानुवर्षे निमूटपणे चालू राहतो. त्यावरून एखाद्याला फसविले गेले म्हणजे पोलिसांच्या तपासात पहिले नाव निघते ते नोंदीतील ग्राहकाचे. सारांश, येथे धोका आहे तो मुख्यत्वे नावाला.

विधीच्या दृष्टीने पाहता बळी पडलेल्या व्यक्तीची बाजू भक्कम आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार मुक्त संमती हा कराराचा पाया होय. जेथे संमतीच नाही, तेथे करारही नाही. परंतु कंपनीचा संगणक संमती पाहत नाही, तो नोंद पाहतो. आणि नोंद खोटी असली, तरी तिला कोणी आव्हान देईपर्यंत ती खरी म्हणूनच वावरते. म्हणून केवळ “तो क्रमांक माझा नाही” असे मनाशी जाणणे पुरेसे नाही. तसे लेखी, तारखेनिशी आणि योग्य ठिकाणी सांगितले पाहिजे.

पहिली पायरी शोधाची. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर आपला क्रमांक आणि आलेला सांकेतिक आकडा भरला असता आपल्या नावावरील सर्व क्रमांकांची यादी मिळते. एका व्यक्तीच्या नावावर सामान्यतः नऊ जोडण्यांची मर्यादा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत ती सहा आहे. यादीतील प्रत्येक क्रमांकापुढे पर्याय असतात आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘नॉट रिक्वायर्ड’ म्हणजे क्रमांक माझाच, पण आता नको. ‘नॉट माय नंबर’ म्हणजे तो माझा कधी नव्हताच. परका क्रमांक बंद व्हावा एवढ्याच घाईने पहिला पर्याय निवडणारा मनुष्य नकळत त्याची मालकी मान्य करून बसतो. तक्रारीनंतर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा.

दुसरी पायरी कंपनीची. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि मूळ अर्ज, त्यावरील छायाचित्र, क्रमांक सुरू झाल्याची तारीख व विक्रेत्याचे नाव यांची लेखी मागणी करावी. कंपनीने ते दिले नाही, तरी पोलिसांना ते मागविण्याचा अधिकार आहे. जबलपूरच्या जुन्या मराठी कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष पाहावी. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे वा पतीचे, आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. मध्य प्रदेशातील कागदांवर मधले नाव पुष्कळदा गळते. बनावट अर्जातील नावाची अशी ठेवण तो कोणत्या कागदावरून उतरविला गेला, याचा सुगावा देऊ शकते. ठशाचा संशय असल्यास आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपली ओळख कधी तपासली गेली, हे पाहता येते. तेथेच अंगठ्याची नोंद कुलूपबंदही करता येते. कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

तिसरी पायरी पोलिसांची. परक्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ‘६६ सी’ या कलमान्वये गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात तोतयेगिरीने सिमकार्ड मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहेत. पोलिसांची नोटीस येण्यापूर्वी केलेल्या तक्रारीचे मोल नंतर केलेल्या तक्रारीहून कितीतरी अधिक असते, कारण तिच्यावरची तारीख आपल्या वतीने साक्ष देते.

नुकसानभरपाईचा मार्गही खुला आहे. २००९ च्या एका निर्णयामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयांत चालेनाशा झाल्या होत्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगांचा अधिकार मान्य केला. त्यामुळे जबलपूरच्या रहिवाशाला आपल्याच जिल्हा आयोगापुढे कंपनीविरुद्ध दाद मागता येते.

या सर्व पायऱ्यांना वेळ लागतो, आणि ज्याने काहीच केले नाही त्याने एवढी धावपळ का करावी, हा प्रश्न रास्त आहे. वस्तुतः ओळख पडताळण्याची जबाबदारी सिमकार्ड विकणाऱ्याची असते. परंतु ती जबाबदारी त्याच्या दारी नेऊन ठेवायची, तर आपण वेळीच दिलेला लेखी नकार हाताशी असावा लागतो. वर्षातून दोनदा आपल्या नावावरची यादी पाहावी आणि घरातील वृद्धांची यादीही त्यांच्यासमवेत तपासावी. ज्यांनी कधी एकाहून अधिक क्रमांक घेतला नाही, त्यांच्या मनात ही शंका बहुधा येतच नाही.