बस का थांबते, आणि थांबल्यावर आधी काय पाहायचे?





गेल्या पावसाळ्यातली एक मंगळवारची सकाळ. औषधांच्या पेट्या चढवून झाल्या होत्या, सिस्टर आपल्या जागी बसल्या होत्या. चालकदादांनी किल्ली फिरवली. ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. त्या दिवशी फिरता दवाखाना सालेकसा तालुक्यातल्या ठरलेल्या गावी गेला नाही.

पुढच्या मंगळवारी बस पोचली तेव्हा एक आजोबा नातीला घेऊन उभे होते. मुलीला सिकलसेलचा आजार आहे. तिच्या गोळ्या संपून सहा दिवस झाले होते. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “दुपारवरी वाट पायली जी तुमची. मंग गेलो घरी.”

आपल्यापैकी अनेकजण उपासनेनंतर भेटल्यावर विचारतात, “बस सारखी का बिघडते? नवीच का घेत नाही?” प्रश्न रास्त आहे. बसच्या डिझेलपासून बॅटरीपर्यंत सगळा खर्च आपल्या देणगीतून होतो. म्हणून या अंकात बसबद्दलच सविस्तर लिहीत आहोत. यात आमची एक चूकही आली आहे. ती आपल्याला सांगणे आमचे कर्तव्य आहे.

जुनी बस, नवे काम

जुन्या बसला दुसरे काम देणे आपल्या राज्यात नवीन नाही. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांमध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीत एसटीने जुन्या प्रवासी बसगाड्यांची आसने काढून त्यातून मालवाहतूक सुरू केली. आपलीही बस आधी शाळेची होती. आसने काढून आत तपासणीचे टेबल, औषधांची कपाटे, पाण्याची टाकी, दिवे, पंखे आणि छोटा फ्रीज बसवला.

अशा जुन्या बसचा मोठा फायदा म्हणजे तिचे साधे डिझेल इंजिन. त्यात संगणक नाही. देवरी, आमगाव, सडक अर्जुनी, कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री ते उघडून दुरुस्त करू शकतो. पण शाळेची बस सकाळी आणि संध्याकाळी धावते, मधल्या वेळेत सगळे बंद करून उभी असते. दवाखान्याची बस तास-दीड तास धावते आणि मग इंजिन बंद करून चार-पाच तास झाडाखाली उभी राहते. त्या वेळेत दिवे, पंखे, फ्रीज चालूच असतात. आमच्या बहुतेक अडचणी इथेच निघाल्या. जुनी बस बरी होती, नवे सामानही बरे होते. दोन्ही जिथे जोडले तिथे दोष होता.

एका बैलाला दुप्पट काम

आपल्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत. मोठ्या बसमध्ये अशीच पद्धत असते. दवाखान्याचे पंखे आणि दिवे मात्र १२ व्होल्टचे घेतले होते. काम करणाऱ्याने सोपा मार्ग काढला. दोनपैकी एकाच बॅटरीवरून त्यांना वायर दिली. पंखे फिरले, दिवे लागले, आम्ही समाधानी झालो.

बैलजोडीतला एकच बैल रात्रभर दुसऱ्याच्या मोटेला जुंपला आणि सकाळी दोघांना एका जुवाखाली आणले, तर काय होईल? तेच झाले. पंख्यांमुळे एक बॅटरी रोज रिकामी व्हायची, दुसरी भरलेलीच राहायची. बस धावू लागली की डायनॅमो दोघींना सारखाच करंट देतो, कारण त्याला दोन बॅटऱ्या वेगळ्या दिसत नाहीत. दोघींचे मिळून सुमारे २८ व्होल्ट झाले की त्याचे काम संपले. त्यामुळे थकलेली कधी पूर्ण भरत नाही आणि भरलेलीला गरजेपेक्षा जास्त मिळून तिचे पाणी आटत जाते. काही महिन्यांत एक उपाशी मरते, दुसरी अजीर्णाने.

आम्ही काय केले? बॅटरी बदलली. पाच महिन्यांनी त्याच बाजूची पुन्हा गेली, पुन्हा बदलली. दोन्ही वेळा ‘बॅटरीच खराब निघाली’ असे म्हणून मोकळे झालो. मूळ कारण कोणी शोधले नाही. ते पैसे आपले होते. त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो.

कारण सापडले ते मंडळीतल्या एका काकांमुळे. ते एसटीच्या आगारातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी साधा मल्टिमीटर घेऊन दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजले. एक १२.७, दुसरी ११.६. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दोघींत एवढा फरक पाहताच काका म्हणाले, “एकीवरून कोणीतरी चोरून जेवतंय. शोधा.” दहा मिनिटांत ती वायर सापडली.

आता दवाखान्यासाठी तिसरी, पूर्ण वेगळी बॅटरी आहे. ती टपावरच्या सौर पॅनेलवर भरते. बसच्या दोन बॅटऱ्या फक्त बससाठी आहेत. दिवसभर पंखे चालले तरी संध्याकाळी इंजिन सुरू होते.

किल्ली फिरवल्यावर आधी ऐकायचे

काकांनी चालकदादांना आणि आम्हाला एक क्रम शिकवला. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी पाहायचे, ज्याला जास्त लागतात ते शेवटी.

काहीच आवाज नाही: बॅटरीचा मुख्य स्विच चालू आहे का? टर्मिनल घट्ट आहेत का? त्यांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल तर कोमट पाण्याने आणि ब्रशने साफ करायची, पुसून कोरडे करायचे आणि घट्ट बसवून वर व्हॅसलिन लावायचे.

नुसता ‘टक्’ आवाज: आता दिव्यांकडे पाहायचे. सेल्फ मारताना दिवे अगदी मंद होत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा एखादा जोड सैल आहे. दिवे लख्खच राहत असतील तर दोष बहुधा सेल्फमध्ये. मग मिस्त्रीला बोलवायचे.

सेल्फ जड फिरतो: बॅटरी भरलेली असूनही असे होत असेल तर काळी वायर पाहायची. लाल वायर सगळे तपासतात, बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर कोणी पाहत नाही. आपल्या बसमध्ये हाही दोष होता. दवाखाना करताना चेसीला रंग दिला आणि अर्थिंगचा बोल्ट त्या रंगावरच आवळला. रंगातून वीज नीट जात नाही. बोल्ट काढून खालचे लोखंड उघडे पडेपर्यंत घासले, पुन्हा घट्ट आवळले. खर्च एका सँडपेपरचा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही

अशा वेळी बॅटरीला दोष देऊ नये. सेल्फ मारत राहिल्याने चांगली बॅटरीही उतरते. आता डिझेलकडे वळायचे. टाकीत डिझेल आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नये, कारण जुन्या बसचे काटे खोटे बोलतात. मग फिल्टर. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरते, ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून ते दर आठवड्याला काढून टाकायचे.

डिझेल संपले किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. चालकमंडळी म्हणतात, ‘गाडीने हवा धरली.’ फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप दाबत राहायचे. आधी बुडबुडे येतात. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. रस्त्यात थांबलेल्या बसचा हा दहा मिनिटांचा इलाज प्रत्येक चालकाला यायला हवा.

गरम होणे

आपला जिल्हा धानाचा. मळणीच्या दिवसांत हवेत तणसाची धूळ आणि कोंडा असतो. तो रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांत जाऊन बसतो आणि वारा अडवतो. पाणी भरलेले, पंखा चालू, तरी काटा चढत असेल तर रेडिएटरची जाळी पाहावी. इंजिन थंड झाल्यावर आतल्या बाजूने बाहेर पाणी मारून धुवावी. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. फार सैल असेल तर पंखा नीट फिरत नाही, आणि डायनॅमोही त्याच पट्ट्यावर असेल तर बॅटरीही भरत नाही. एक पट्टा कायम बसमध्ये जादा ठेवावा.

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, उघडताच उसळून तोंडा-हातावर येते. अर्धा तास थांबावे. उशीर झालेला चालतो, भाजलेला माणूस चालत नाही.

फ्यूज आणि उंदीर

फ्यूज उडाला की त्या जागी जाड तार गुंडाळून काम चालवण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. फ्यूज उडतो तो आपल्याला सावध करण्यासाठी. तार गुंडाळली की वायर तापते आणि गाडीत आग लागू शकते. आपल्या बसमध्ये फ्रीजचा फ्यूज वारंवार जायचा. शोधल्यावर दिसले की वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली होती. खड्ड्यांत हादरे बसून पत्र्याच्या धारेने तिचे आवरण कापले होते. आता प्रत्येक भोकात रबरी कडे आहे आणि दवाखान्याच्या बॅटरीजवळच मुख्य फ्यूज आहे.

दुसरा शत्रू उंदीर. बस धानाच्या कोठाराजवळ रात्री उभी राहिली तर तो वायर कुरतडतो. म्हणून खाण्याचे काहीही बसमध्ये ठेवत नाही, आणि सोमवारी संध्याकाळी टॉर्च घेऊन वायरी पाहतो.

जिथे आपण हात घालायचा नाही

ब्रेक, स्टिअरिंग आणि कमानपाटे हे मिस्त्रीचेच काम. आपले काम फक्त लक्ष ठेवण्याचे. हवेच्या ब्रेकच्या टाकीत साचलेले पाणी रोज खालच्या झडपेतून काढायचे. हवेचा काटा पुरेसा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नाल्यातून गाडी गेली तर पुढे हळू चालवत, ब्रेक हलके दाबून ते कोरडे करायचे.

वजनही मोजायचे. २०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे २०० किलो. टाकी आणि लोखंडी कपाटे एकाच बाजूला असतील तर त्या बाजूचे पाटे तुटतात आणि टायर लवकर झिजतात. आम्ही टाकी दुसऱ्या बाजूला हलवली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा मोठा बदल करण्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते आणि तो नोंदणीपुस्तकात नोंदवावा लागतो. आपल्यापैकी कोणाची मंडळी किंवा संस्था जुनी बस घेण्याच्या विचारात असेल, तर हे काम पहिले करावे.

आता काय बदलले

बसमध्ये एक वही ठेवली आहे. कोणत्या तारखेला काय झाले, काय तपासले, काय सापडले, काय बदलले आणि किती खर्च आला, हे चालकदादा लिहितात. कारण लिहिल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही, असा आम्ही नियम केला आहे. वही कार्यालयात कोणालाही पाहायला मिळेल.

नवी गाडी मिळाली तर आनंदच आहे. पण नव्या गाडीचीही बॅटरी कोणी मोजली नाही, फिल्टरचे पाणी कोणी काढले नाही, तर तीही एका मंगळवारी अशीच उभी राहील. म्हणून या तिमाहीत आमची मागणी छोटी आहे: डिझेल फिल्टर, पंख्याचे पट्टे, फ्यूज आणि रबरी कडी. आणि आपल्यात कोणी मिस्त्री किंवा वायरमन असेल, तर महिन्यातला एक शनिवार. काकांना आता गुडघ्यामुळे बसखाली शिरता येत नाही. ते शेजारी खुर्ची टाकून सांगतील. हात दुसऱ्या कोणाचे तरी हवेत.

वायरिंग बदलल्यापासून एकही मंगळवार चुकलेला नाही. आजोबा अजून लवकरच येऊन बसतात. बस दिसली की नातीला उठवतात.