बाकड्याच्या पायाखालची वायर

‘नेट गेले’ हे वाक्य आमच्या शहागडात आता ‘लाइट गेली’ इतकेच अंगवळणी पडले आहे. फरक एवढाच, की लाइट गेली तर माणूस आधी शेजाऱ्याच्या घराकडे बघतो. तिथे उजेड असेल तर आपला फ्यूज उडाला. नसेल तर बिघाड डीपीवर. ही अक्कल आपल्याला कुणी शाळेत शिकवलेली नाही. नेट गेले की मात्र तीच माणसे थेट आभाळाकडे बघतात. टॉवर बंद असेल, सर्व्हर डाऊन असेल, मुंबईला काहीतरी झाले असेल! बिघाड आपल्या पायाशी असू शकतो, हे कुणाच्या मनातही येत नाही.

2023च्या जुलैअखेरची गोष्ट. त्या खरिपापासून राज्यात एका रुपयात पीक विमा सुरू झाला होता. (पुढच्या वर्षीही तो होता, 2025च्या खरिपाला ती सवलत राहिली नाही.) अर्जाची मुदत 31 जुलै. पुढे ती 3 ऑगस्टपर्यंत वाढली, पण ते आधी कुणाला ठाऊक असणार? माझ्या पुतण्याचे सेवा केंद्र बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून आहे. सातबारा, पासबुक, आधारची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माणसे सकाळपासून बसलेली. काही तर पूल ओलांडून गंगेपलीकडून, गेवराईच्या बाजूने आली होती. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) आणि नेट बंद.

‘‘काका, बघता का जरा? फोन लावू लावू थकलो,’’ पुतण्या म्हणाला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे पंख्यापासून पंपापर्यंत काहीही बंद पडले की घरात माझ्या नावाचा पुकारा होतो. संगणकातले मला फार कळते असे नाही. पण बिघाड शोधायची रीत पंपाची आणि संगणकाची एकच. वायरमन टेस्टर घेऊन मीटरपासून निघतो आणि एकेक ठिकाण तपासत मोटारीपर्यंत जातो. उड्या मारत नाही.

आधी राऊटरचा डबा पाहिला. बाहेरून येणारी फायबरची तार तुटली की त्यावर तांबडा दिवा लागतो. तो लागलेला नव्हता. मग माझा फोन त्याच राऊटरच्या वायफायला जोडला, तर बातम्या उघडल्या. म्हणजे मुंबई, टॉवर आणि कंपनी एका क्षणात निर्दोष सुटल्या. उरली राऊटरपासून लॅपटॉपपर्यंतची दहा-बारा हात वायर. लॅपटॉपचे स्वतःचे वायफाय वर्षापूर्वीच गेले होते, म्हणून सगळा कारभार त्या निळ्या वायरवर.

लॅपटॉप म्हणत होता, ‘जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही.’ त्याचा पत्ता पाहिला तर तो 169.254ने सुरू होत होता. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एरवी राऊटर प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो. बहुतेक घरांत तो 192.168ने सुरू होतो. वाटणाऱ्याकडून उत्तरच आले नाही, तर लॅपटॉप वाट बघून स्वतःच स्वतःला 169.254चा पत्ता लावून घेतो. हाक मारली, ओ आली नाही, असा त्याचा अर्थ.

इथे पुतण्याने आमचे काम वाढवून ठेवले होते. घाबरून त्याने एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या आणि काय काय बदलले ते त्यालाच आठवेना. अर्धा तास तेच पूर्ववत करण्यात गेला. मग वायर काढून पुन्हा खटकन बसवली, तर पत्ता नीट आला! लोक उठून उभे राहिले. दोन अर्ज गेले, आणि पुन्हा सगळे ठप्प.

मग राऊटरला ‘पिंग’ लावून ठेवला. माइक म्यूस या अमेरिकन माणसाने 1983मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम. पाणबुडी ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनीची वाट बघते, तसा हा सारखी हाक देत राहतो. नावही त्या ध्वनीवरूनच पडले. पडद्यावर पाच-सहा उत्तरे यायची, मग शुकशुकाट, मग पुन्हा उत्तरे. यात काही ताल सापडतो का, म्हणून मी डोळे ताणून बसलो होतो.

तो ताल सापडला बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्या मावशींना. दोन एकर सोयाबीनचा अर्ज घेऊन त्या सकाळी आठपासून बसल्या होत्या. ‘‘सर, मी पाणी प्यायला उठले की तुमचं ते पळू राह्यलं, अन् बसले की थांबू राह्यलं. मघाधरनं बघू राह्यले मी.’’

कुणीतरी हसले. मी मावशींना उठायला सांगितले, उत्तरे सुरू. बसायला सांगितले, बंद. बाकडे उचलले तर त्याच्या पायाखाली वायर चेपून पापडासारखी झालेली. गर्दी वाढली म्हणून पुतण्याने आदल्या रात्री बाकडे आत सरकवले होते!

बिघाड लॅपटॉपकडच्या टोकापासून हातभर अंतरावर होता आणि मागे वायरचे वेटोळे शिल्लक होते. तेवढा भाग कापून नवा प्लग बसवला की झाले. सीसीटीव्ही बसवणाऱ्या मुलाला अवजार घेऊन बोलावले. तो येईपर्यंत कापलेला तुकडा सोलून मी पोरांना दाखवत बसलो. खोड जात नाही. आत आठ तारा, दोन-दोनची वेणी घातलेल्या. वेणीची ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, 1881 सालची. शेजारच्या विजेच्या तारेचा उपद्रव वेणीतल्या दोन्ही तारांना सारखाच होतो, आणि पलीकडचे यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचते. म्हणून उपद्रव आपोआप वजा होतो. ज्या पद्धतीने ही यंत्रे तारेवर बोलतात तिचे नाव इथरनेट. 1973मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी ते ठेवले, प्रकाश ज्या ‘ईथर’मधून प्रवास करतो असे पूर्वी मानत त्याच्यावरून. तो ईथर अस्तित्वात असल्याचा पुरावा मायकेलसन आणि मॉर्ले यांना 1887च्या प्रयोगात सापडलाच नाही. नसलेल्या वस्तूचे नाव अखेर या वायरीला लाभले. मला गंमत वाटली. रांगेतल्यांना अजिबात वाटली नाही.

मुलगा आला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असे पुटपुटत त्याने आठही तारा ओळीत लावल्या आणि अवजार दाबले. पिंगची उत्तरे न अडखळता धावू लागली. पुतण्याने दुसऱ्या टोकाची वायर खिळ्याने भिंतीवर चढवायला घेतली. तिला खिळा ठोकू नको, क्लिप लाव, म्हणून मी ओरडलो.

पहिला अर्ज मावशींचा भरला. रात्री साडेअकरापर्यंत काम चालले. त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला. 1901पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. आमच्या भागातले सोयाबीन फुलोऱ्यात माना टाकून उभे होते. महिनाअखेरीला मावशी पावतीची आणखी एक प्रत मागायला केंद्रात आल्या. बाकडे आता समोरच्या भिंतीला लावलेले होते. तरी बसण्याआधी त्यांनी वाकून त्याच्या पायाखाली पाहिले.