कोड वेगळे, कोढ वेगळा

आम्ही शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. उर्दूत त्याला ‘बर्स’ म्हणतात. आपल्या घरच्या बोलीत मात्र ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग, अर्थात ‘जुजाम’. ‘ड’चा ‘ढ’ होतो आणि तेवढ्यावर मुलीचे ठरलेले लग्न मोडते, घरातल्या माणसाची कपबशी वेगळी ठेवली जाते.

वर्धा जिल्ह्याला तर हा विषय नवा नाही. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. १९३९ साली संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कुष्ठरोगावरची बहुविध औषधे देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी पोहोचली, त्यांत वर्धा होता.

हे दोन्ही आजार समजून घ्यायचे तर रक्तातल्या ‘टी’ पेशींची ओळख हवी. या पांढऱ्या पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. लढणे हे त्यांचे काम. पण कधी जगायचे आणि कधी मरायचे, हे त्यांना मिळणाऱ्या संकेतांवर ठरते.

पहिला संकेत ओळखीचा. दुसरी एखादी पेशी जंतूचा तुकडा समोर धरते आणि टी पेशी तो ओळखते. दुसरा संकेत खात्रीचा. तो मिळाला नाही तर ओळख पटूनही टी पेशी गप्प बसते किंवा मरते. तिसरा संकेत इंटरल्यूकिन नावाच्या रसायनांचा. ती पेशीच्या बाहेरच्या कवचाला चिकटतात, निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचतो आणि ‘बीसीएल-२’सारखी जीव राखणारी प्रथिने तयार होतात. एका पेशीच्या हजारो होतात. जंतू संपला की इंटरल्यूकिन आटते, ‘बिम’ नावाचे प्रथिन वरचढ ठरते आणि १०० पैकी ९० हून अधिक पेशी आपोआप मरतात. उरलेल्या थोड्या पेशी त्या जंतूची आठवण धरून वर्षानुवर्षे जगतात.

हे मरणेही तब्येतीसाठी गरजेचे आहे. पेशी लढत राहिल्या तर आपलेच शरीर पोखरतात. कोडात तसेच होते. टी पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच शत्रू समजतात. त्यांतल्या काही इंटरल्यूकिन-१५ च्या आधाराने त्वचेतच मुक्काम ठोकतात. म्हणून उपचार थांबवल्यावर डाग बहुधा जुन्याच जागी परत येतो. इथे जंतू नाहीच, तर लागण कशी होणार?

कुष्ठरोगाचे तसे नाही. तो जंतूमुळे होतो. पण बहुतेकांच्या टी पेशी त्या जंतूला पुरून उरतात. काहींच्या टी पेशी नेमक्या याच जंतूपुढे गप्प राहतात, मग जंतू अंगभर पसरतो. काहींच्या पेशी जोरात लढतात; डाग थोडेच उठतात, पण लढाईत मज्जातंतू दुखावतात. औषध चालू असताना किंवा संपल्यावरही ही लढाई अचानक भडकू शकते. डाग सुजून लाल होतात, नसा दुखतात, हातापायातली ताकद जाते. याला ‘रिअॅक्शन’ म्हणतात. ‘औषध बाधले’ असे समजून गोळ्या बंद करू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तेथे मिळणारे प्रेडनिसोलोन ही लढाई शमवते आणि टी पेशींना मरणाचा संकेतही देते. उशीर झाला तर बोटे वाकडी होतात, ती मग सहज सरळ होत नाहीत.

फरक घरीही लक्षात येतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर स्पर्श नीट कळतो. कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा लालसर असतो, अगदी पांढरा नसतो, आणि तिथे स्पर्श, गरम-गार कमी कळते. आपण वुजू करताना दिवसातून अनेकदा हात-पाय धुतो. तळव्याला पाण्याचा गारवा लागला नाही, तव्याचा चटका जाणवला नाही, तर लपवू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषधे मोफत मिळतात, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात, आणि ती सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची भीती राहत नाही.

माहेरी असो वा सासरी, डाग दिसला की आधी डॉक्टरांना दाखवा. नाव काय द्यायचे ते त्यांना ठरवू द्या. तोवर ताट आणि कपबशी सर्वांबरोबरच ठेवा.