उसाच्या नोंदीचा नकाशा : ऑफिसातला संगणक की इंटरनेट?
(शेतकी विभागाकडून)



गेल्या हंगामातली गोष्ट आहे. माळाकडच्या एका सभासदाच्या खोडव्याची नोंद आमच्या चिटबॉयने मोबाईलवर घेतली. नकाशाचे पान इंटरनेटवरचे आणि शिवारात रेंज नाही. पान मध्येच अडकले, नोंद गेली ती गेलीच. तोडीच्या यादीत नाव नाही हे समजेपर्यंत महिना उलटला. उसाला तुरा आला, वजन घटले. नुकसान सभासदाचे झाले, चूक मात्र आमच्या व्यवस्थेची होती.

आता नोंदीच्या नकाशासाठी नवी व्यवस्था घ्यावयाची आहे. एक पुरवठादार म्हणतो, सगळे इंटरनेटवर ठेवा. दुसरा म्हणतो, संगणकावर बसवलेला प्रोग्रॅमच खरा. पैसा सभासदांचा आहे, म्हणून वार्षिक सभेपूर्वी या दोहोंतला फरक आपल्यापुढे मांडत आहोत.

संगणकावर बसवलेला प्रोग्रॅम म्हणजे घरच्या विहिरीवरची मोटर. लाईन कुणाची का तुटेना, पाणी आपल्या हातात. इंटरनेट नसले तरी काम चालते. हजारो प्लॉट एकदम उघडता येतात, दोन गटांच्या हद्दी एकमेकींवर चढल्या आहेत का ते तपासता येते, भिंतीवर लावायचा मोठा नकाशा छापता येतो. यासाठी ‘क्यूजीआयएस’ नावाचा प्रोग्रॅम जगभर वापरतात. तो २००२ साली सुरू झाला आणि त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. उणीव अशी की नकाशा त्या एका मशीनवर राहतो. प्रत्येक गट ऑफिसने आपली प्रत करून घेतली की पाच ऑफिसांत पाच नकाशे होतात, आणि कोणता खरा हे कोणीच सांगू शकत नाही.

इंटरनेटवरचा नकाशा म्हणजे गावाची पाणीपुरवठा योजना. टाकी एक, नळ घरोघर. काही बसवावे लागत नाही. मोबाईलवर पान उघडले की झाले. दुरुस्ती एका जागी केली की सर्वांना तीच दिसते. सभासदाला आपला प्लॉट, लागणीची तारीख आणि तोडीचा क्रम घरबसल्या पाहता येतो. पण रेंज गेली की नळ कोरडा. पान रेंजशिवाय चालेल असे करता येते, मात्र ते मुद्दाम करून घ्यावे लागते. आमच्या पानात ते केलेले नव्हते. दुसरी अडचण बांधावरची. जीपीएस चालू ठेवून बांधाने फिरताना मोबाईलचा पडदा बंद झाला, तर ब्राउझरमधले पान मोजणी थांबवते. मोबाईलवर बसवलेले ॲप पडदा बंद असतानाही मोजत राहू शकते.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाईलचा जीपीएस साधारण ५ मीटर, म्हणजे १६ फूट इकडेतिकडे दाखवतो. झाडाखाली आणि उंच उसात चूक वाढते. आता हिशेब पाहा. १० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला तर एक बाजू सुमारे १०४ फूट भरते. चारी बाजूंनी हद्द नुसती ३ फूट बाहेर गेली तरी क्षेत्र ११ गुंठ्यांच्या वर जाते. एकरी टनेजचा अंदाज तिथेच चुकतो. सगळी हद्द एकाच दिशेला सारखी सरकली तर क्षेत्र तेवढेच राहते, पण मग प्लॉट शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसतो. प्रोग्रॅम कितीही महाग घेतला तरी ही चूक आपोआप जात नाही. त्यासाठी ऊस लहान असताना मोजणी आणि सात-बाराशी ताळा, हाच उपाय.

म्हणून आमचे मत असे की एकाच अवजाराने सगळी मशागत करू नये. बांधावर रेंजशिवाय चालणारे, मोबाईलवर बसवलेले ॲप असावे. नोंद मोबाईलमध्येच साठावी आणि गट ऑफिसात आल्यावर वर चढावी. मुख्य ऑफिसात तपासणी आणि छपाईसाठी संगणकावरचा प्रोग्रॅम असावा. सभासदांना पाहण्यासाठी इंटरनेटवरचे पान असावे, आणि त्यात ज्याला त्याला आपलाच प्लॉट दिसावा. तिन्हींच्या मागे साठा मात्र एकच हवा. ‘पोस्टजीआयएस’ हा असा साठा आहे. तोही फुकट मिळतो आणि क्यूजीआयएस त्याला थेट जोडता येतो. फुकट म्हणजे खर्च नाही असे मात्र नव्हे. सर्व्हर, माणसाचे शिक्षण आणि रोजची राखीव प्रत यांना पैसे लागणारच.

करारात एक अट आम्ही सोडणार नाही. नोंदी कारखान्याच्या मालकीच्या राहतील आणि कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडतील अशा स्वरूपात केव्हाही परत मिळतील. नाहीतर उद्या पुरवठादार बदलायचा म्हटले की सारे शिवार पुन्हा पायी मोजावे लागेल.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा : मोजणीच्या दिवशी बांधावर स्वतः हजर राहा, गट नंबर, जात आणि लागणीची तारीख वाचून पाहा, आणि नोंदीची पावती घेतल्याशिवाय आमच्या माणसाला जाऊ देऊ नका. त्या सभासदाजवळ पावती असती, तर चूक महिनाभर आधी सापडली असती.