मोबाइलला मिळालं, घरच्या वायफायला कधी?

गिरगाव-लालबागकरांनो, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर तुमच्याबरोबर बरीच बिऱ्हाडं एकाच सार्वजनिक पत्त्यावर नांदतायत. याला सीजीनॅट म्हणतात.

कारण? जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ते सुमारे ४३० कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा, तिथे टंचाईच नाही. २०१६ मध्ये आलेल्या जिओने मोबाइलवर तो सरसकट दिला, म्हणून भारत यात जगात वरच्या रांगेत. वायरवालं इंटरनेट मात्र रेंगाळलं. दूरसंचार खात्याने तर डिसेंबर २०२२ ची मुदत घातली होती!

केबलवाल्याला विचारलं, तर म्हणतो, "साहेब, नेट चालतंय ना?" चालतंय हो. यूट्यूबला काही फरक पडत नाही. पण गणपतीला गावी गेल्यावर घरच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला थेट जोडायला जा. पोर्ट फॉरवर्डिंग करूनही काही दिसत नाही. मग स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे मोजा. अर्थात दोष एकट्या त्याचा नाही. त्याला वरून बँडविड्थ देणारा, त्याची यंत्रणा, घरोघरचे जुने राउटर, सगळेच तयार हवेत.

राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद असेल तर आधी चालू करा. तरी पत्ता येत नसेल, तर ऑपरेटरकडे 'ड्युअल स्टॅक' मागा. त्यात दोन्ही पत्ते सोबत चालतात, जुनं काही बंद पडत नाही. आणि हो, राउटरची फायरवॉल मात्र बंद करू नका.