एका वस्तूला एकच नाव : संगणकीय वापरपुस्तिकेतील परिभाषा

निबंध तपासताना आम्ही मराठीचे शिक्षक पुनरुक्तीखाली तांबडी रेघ ओढतो. एका परिच्छेदात ‘पाणी’ तीनदा आले, तर एकदा ‘जल’ आणि एकदा ‘नीर’ लिही, असे मुलाला सुचवतो. ललित लेखनात ही सवय शोभते. वापरपुस्तिकेत मात्र ती वाचकाला चकवते, कारण तिथे शब्द बदलला की वस्तूही बदलली असे तो धरून चालतो.

एका लहानशा लायब्ररीच्या वापरपुस्तिकेचे मराठी भाषांतर तपासायला माझ्याकडे आले तेव्हा हे फार स्पष्ट दिसले. लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे. दुसऱ्याने लिहून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडून घेता येणारा तयार कोड. ही लायब्ररी क्लायंटच्या बाजूची, म्हणजे वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणारी. ती दूरच्या सर्व्हरकडे काहीतरी मागते आणि तिकडून जे येईल ते प्रोग्रॅमच्या हाती देते. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मराठी शाळेतून शिकून आता महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या मुलांसाठी हे भाषांतर होते. त्यात पहिल्या पानावर ‘विनंती’ पाठवायची होती, तिसऱ्यावर ‘मागणी’, पुढे ‘रिक्वेस्ट’ आणि एके ठिकाणी ‘कॉल’. मूळ इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आधी विनंती पाठवायची की मागणी?” तिचा प्रश्न रास्त होता. भाषांतर करणाऱ्याने चांगली मराठी लिहिली होती आणि नेमकी तीच तिला नडली.

खरे तर पेडण्या-डिचोलीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. कूळ आणि मुंडकार यांतला फरक इथे घराघरात ठाऊक आहे. कूळ दुसऱ्याची जमीन कसते. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर करून राहतो. कुळांसाठीचा कायदा १९६४चा, मुंडकारांसाठीचा १९७५चा. एकच माणूस दोन्ही असू शकतो, म्हणून तर शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवायचे. ‘कूळ’ हा शब्द फार वेळा आला म्हणून अर्जात मध्येच ‘मुंडकार’ घालणारा लेखनिक कोणी दारात उभा करणार नाही. याउलट पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला गेले की आपला मामलतदार तहसीलदार होतो आणि एक-चौदाच्या उताऱ्याच्या जागी सातबारा येतो. त्याने कुणाचे अडत नाही, कारण नाक्याच्या दोन्ही बाजूंनी आपापला शब्द पक्का धरला आहे. महाराष्ट्र शासनाच्या १९६२च्या पदनाम कोशाची टिंगल पुष्कळ झाली, पण सगळ्या कचेऱ्यांपुढे एकच यादी ठेवण्याचे त्याचे मोल मला मोठे वाटते.

दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरणे हा याच दोषाचा दुसरा चेहरा, आणि तो अधिक घातक. सर्व्हर कधी ४०१ हा क्रमांक परत पाठवतो, कधी ४०३. पहिल्याचा अर्थ, तुम्ही कोण हे पटलेले नाही; दुसऱ्याचा, तुम्हाला याची परवानगी नाही. गंमत अशी की ४०१चे मूळ इंग्रजी नावच ‘अनऑथोराइज्ड’, म्हणजे परवानगीकडे बोट दाखवणारे. गोंधळ असा उगमापासूनच आहे. भाषांतरात दोन्हीकडे ‘अनधिकृत’ लिहिलेले होते. ते वाचणारा मुलगा पुन्हापुन्हा पासवर्ड घालत बसतो आणि दार काही उघडत नाही. आम्ही एकीकडे ‘ओळख पटवणे’ आणि दुसरीकडे ‘परवानगी’ असे ठरवले. कोडमध्ये टंकायची नावे मात्र जशीच्या तशी ठेवली, चुकीची असली तरी. वेबच्या नियमांत ‘रेफरर’ या शब्दाच्या स्पेलिंगमधले एक अक्षर गळले, १९९६च्या प्रमाण दस्तऐवजात ते तसेच छापले गेले आणि आजही तसेच लिहावे लागते. शुद्ध लिहिले तर सर्व्हर ओळखत नाही.

मग शब्दांची यादी केली. इंग्रजी भाषांतरकाराला दोन रकाने पुरले असते. मराठीला पुरत नाहीत. आम्हाला लिंगाचा रकाना लागला. ‘ईमेल’ आपल्याकडे तो, ती आणि ते असा तिन्ही प्रकारे चालतो. ‘टोकन’ एका पानावर ‘पाठवला’ आणि दुसऱ्यावर ‘पाठवले’ असेल, तर वाचक दोन टोकने शोधू लागतो. त्याच्या पुढे सामान्यरूपाचा रकाना : ‘टोकनचा’ की ‘टोकनाचा’? आम्ही ‘टोकनाचा’ घेतले, कारण तोंडात तेच येते. शेवटी टाळायच्या शब्दांचा रकाना, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचा तोच. ‘विनंती’समोर मागणी, अर्ज, रिक्वेस्ट, कॉल हे शब्द नोंदवले की तपासणारा ते शोधून काढू शकतो.

शोधण्यातही एक मेख आहे. ‘ॲप’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो. एक, त्याचे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले. दुसरा, ‘अ’ला अदृश्य जोडचिन्ह आणि वर चंद्र लावून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शब्द बहुधा सापडत नाही. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘ऱ’चीही तीच कथा. म्हणून यादीत शब्द लिहिला एवढ्याने भागत नाही. तो तिथूनच उचलून चिकटवायचा, असा नियम केला.

एका शब्दावर अजून एकमत नाही. एकदा आणलेली माहिती पुन्हा लागेल म्हणून ब्राउझर जवळ ठेवतो, त्याला इंग्रजीत म्हणतात ते देवनागरीत ‘कॅश’ असे उतरते. रोख पैशालाही आपण ‘कॅश’च म्हणतो. पैसे देण्याघेण्याच्या ॲपमध्ये ‘कॅश साफ करा’ असे बटण दिसले तर म्हापशाच्या बाजारातला दुकानदार काय समजेल? मी ‘साठवण’ सुचवले आहे. मुलांना ते कोठारासारखे वाटते.