उरलेला पैसा का बुडावा?

अमेरिकेत अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना पगारातून औषधोपचारासाठी करमुक्त रक्कम बाजूला ठेवू देतात. या ‘फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट’चा मूळ नियम कठोर होता : मुदतीत खर्च न झालेली रक्कम बुडाली.

● मे २०१२ : आयआरएस या करखात्याने या नियमावर लोकांची मतं मागवली. बहुतेकांनी बदल मागितला. आजारपणाचा खर्च आधी सांगता येत नाही आणि पैसे बुडण्याच्या भीतीने वर्षअखेर अनावश्यक खरेदी होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

● ऑक्टोबर २०१३ : ५०० डॉलरपर्यंतची शिल्लक पुढच्या वर्षात नेऊ देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. सक्ती मात्र नाही. २०२५ साठी ही मर्यादा ६६० डॉलर होती.

● हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट : २००४ पासूनच्या या खात्यातली शिल्लक बुडत नाही, नोकरी बदलली तरी कर्मचाऱ्याचीच राहते. त्यासाठी जास्त डिडक्टिबलची (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायच्या रकमेची) आरोग्य पॉलिसी लागते.

● २०२० : दोन्ही खात्यांतून चिठ्ठीविना मिळणारी औषधं आणि सॅनिटरी पॅड घेता येऊ लागले.

करखातं मत विचारतं, तेव्हा पगारदारांनी जरूर लिहावं. पैसा त्यांच्याच घामाचा आहे.